धुक्याचा दुष्काळ

१७८३ सालच्या ८ जूनला पेंटेकॉस्टचा सण होता. आइसलँडच्या दक्षिण भागातल्या सीदा या परगण्यात त्या सकाळी हवा स्वच्छ होती, वारा पडलेला होता. नऊच्या सुमारास उत्तरेकडच्या डोंगरांमागून वाळूचा एक काळा ढग वर आला. बघता बघता तो सगळ्या परगण्यावर पसरला आणि घरांत अंधार झाला. जमिनीवर पडलेली राख दगडी कोळशाच्या भुकटीसारखी दिसत होती. हे सगळे आपल्याला माहीत आहे ते योन स्टेइनग्रिमसन या तिथल्या पाद्र्यामुळे. १७२८ मध्ये जन्मलेला हा माणूस धर्मोपदेशक होता, शेतकरी होता आणि पुस्तके वाचून व अनुभवाने शिकलेला वैद्यही होता. पुढचे आठ महिने आपल्या परगण्यात काय घडले त्याची त्याने तारीखवार टिपणे ठेवली आणि १७८८ मध्ये त्यांचे एक पुस्तक सिद्ध केले. त्याचा इंग्रजी अनुवाद १९९८ मध्ये झाला. तो हाती आला तेव्हापासून गेली काही वर्षे मी या एकाच घटनेच्या मागे आहे.

मी भूशास्त्रज्ञ नाही. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि आयुष्य गेले ते हिशेबाच्या वह्यांत. आइसलँडला मी गेलेलो नाही. तरीही या देशाकडे वळलो त्याचे कारण आपल्या पायाखाली आहे. आमच्या भागात विहीर खणायला घेतली की आधी माती, मग मुरूम, मग भोकाभोकांचा ठिसूळ खडक, मग सुरुंगाला दाद न देणारा काळा पाषाण आणि मध्येच गेरूसारखा एखादा तांबडा थर लागतो. खाली पुन्हा तोच क्रम. हे थर असे एकावर एक का, या प्रश्नाचे उत्तर शोधत गेले की माणूस आज ना उद्या आइसलँडला पोचतोच. सह्याद्री ज्या प्रकारच्या उद्रेकांतून घडला, तसा मोठा उद्रेक माणसांनी डोळ्यांनी पाहून लिहून ठेवला तो तिथेच.

आइसलँडचा नकाशा पाहिला तर देश लहान आहे. क्षेत्रफळ सुमारे १,०३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा जेमतेम तिसरा हिस्सा. लोकवस्ती आजही चार लाखांच्या आसपास, आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. पण पृथ्वीच्या दृष्टीने ही जागा विलक्षण आहे. अटलांटिक महासागराच्या तळाशी उत्तर-दक्षिण गेलेली जी पर्वतरांग आहे, तिच्या दोन्ही अंगांना कवचाचे तुकडे एकमेकांपासून दूर सरकत असतात. ही रांग पाण्यावर डोके काढून भली मोठी भूमी झाली आहे ती इथेच, कारण तिच्याखाली खोलवरून वर येणाऱ्या उष्ण द्रव्याचा जास्तीचा पुरवठाही आहे. देश मधोमध फाटत जातो, फट लाव्ह्याने भरते, पुन्हा फाटतो. वर देशाचा सुमारे दहावा भाग हिमनद्यांनी झाकलेला. त्यांतली सर्वांत मोठी वात्नायोकुल सात-आठ हजार चौरस किलोमीटरची. सीदा परगणा याच वात्नायोकुलच्या नैऋत्येला, डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या सपाटीवर आहे.

या भूमीवर माणूस आला तो उशिरा, नवव्या शतकाच्या उत्तरार्धात. परंपरेने ८७४ हे वसाहतीचे साल मानले जाते. त्या वेळी डोंगरापासून किनाऱ्यापर्यंत झाडी होती असे बाराव्या शतकातला इतिहासकार आरी लिहितो आणि आजचे परागकणांचे अभ्यास त्याला दुजोरा देतात. देशाचा पाव ते चाळीस टक्के भाग भूर्जाच्या झाडीने व झुडपांनी व्यापलेला होता. सरपण, कोळसा, घरबांधणी आणि मुख्य म्हणजे मेंढ्या, यांनी ती संपवली. ज्वालामुखीच्या राखेची माती हलकी आणि भुसभुशीत असते. झाडांची मुळे गेली की ती वाऱ्याबरोबर जाते. युरोपातला सर्वांत उघडाबोडका देश म्हणून आइसलँडकडे पाहिले जाते त्याला फक्त थंडी कारण नाही. अठराव्या शतकात आइसलँडरांकडे धड होड्या बांधण्याइतके लाकूड नव्हते, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

धान्य जवळजवळ पिकत नव्हते. सगळा संसार गवतावर उभा होता. उन्हाळ्याच्या दोन-अडीच महिन्यांत गवत कापून वाळवायचे, त्यावर मेंढ्या, गायी, घोडे हिवाळाभर जगवायचे आणि त्या जनावरांवर माणसांनी जगायचे. दूध, ताक, दही, लोणी, मांस, लोकर, त्यात वाळवलेले मासे. गवताचा एक हंगाम बुडाला तर त्याची भरपाई दुसऱ्या कशानेही होत नसे.

जून १७८३ मध्ये जे फुटले त्याला आपण पुस्तकांतून 'लाकीचा उद्रेक' म्हणतो. नाव थोडे फसवे आहे. लाकी हा ८१८ मीटर उंचीचा जुना डोंगर, तो काही फारसा फुटला नाही. फुटली ती त्याच्या दोन्ही बाजूंची जमीन. सत्तावीस किलोमीटर लांबीची फट पडली आणि तिच्यावर शंभराहून अधिक लहान-मोठी विवरे ओळीने उभी राहिली. आइसलँडमध्ये या घटनेला 'स्काफ्ताउरेल्दार', म्हणजे स्काफ्ताउ नदीची आग म्हणतात. लोकांना डोंगर दिसतच नव्हता. त्यांना दिसली ती आटलेली नदी आणि नदीच्या वाटेने आलेली आग.

हा क्रम योनने नेमका टिपला आहे. उद्रेक सुरू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्काफ्ताउ आटली. एरवी जी ओलांडताना घोडा वाहून जायचा, ती पायाखाली कोरडी. आणि १२ जूनला तिच्या खोल घळीतून लाव्हा बाहेर पडून सपाटीवर पसरू लागला. शेकडो फूट खोल असलेली घळ त्याने भरून काढली होती. जुलैअखेरीपासून पूर्वेकडच्या दुसऱ्या नदीच्या, ख्वेर्विसफ्ल्योतच्या वाटेनेही लाव्हा उतरला. उद्रेक थांबला तो ७ फेब्रुवारी १७८४ रोजी. तोवर सुमारे १५ घन किलोमीटर लाव्ह्याने ६०० चौरस किलोमीटर जमीन झाकली होती. वीसएक शेतवाड्या त्याखाली गेल्या.

योनच्या नावाशी जोडलेली प्रसिद्ध गोष्ट २० जुलैची आहे. लाव्हा किर्क्युबायारक्लाउस्तुर या गावाच्या रोखाने येत होता. (हे नाव एका दमात म्हणता येत नाही म्हणून तिथले लोकही नुसते 'क्लाउस्तुर' म्हणतात.) रविवार होता. हे कदाचित या चर्चमधले शेवटचे प्रवचन, असे मनाशी धरून योनने लोकांना आत घेतले आणि नेहमीपेक्षा लांब उपासना चालवली. बाहेर विजा, गडगडाट, जमिनीचे हादरे. उपासना संपवून लोक बाहेर आले तेव्हा लाव्हा पुढे सरकलेला नव्हता. तो होता तिथेच थरावर थर रचत थांबला होता. ही 'आगीची उपासना' आइसलँडमधले शाळकरी मूलही सांगते.

गोष्ट इथे संपवण्याचा मोह सर्वांनाच होतो. मला त्यातले पुढचे वाक्य महत्त्वाचे वाटते. त्याच दिवशी शेजारच्या दोन नद्या, होल्त्साउ आणि फ्यादराउ, लाव्ह्याने अडवलेल्या बांधांवरून उसळून त्या आगीवर ओतत होत्या, हेही योनने लिहून ठेवले आहे. आभार त्याने देवाचे मानले, पण निरीक्षण लपवले नाही. पुढे काही दिवसांतच फटीचा ईशान्येकडचा भाग उघडला आणि लाव्ह्याचा मुख्य ओघ दुसऱ्या नदीकडे वळला, असे आजचे अभ्यासक सांगतात. पाण्याने लाव्हा थोपवता येतो हे मात्र खरे. १९७३ च्या जानेवारीत हेमाएय बेटावर उद्रेक झाला तेव्हा एका रात्रीत सुमारे ५,३०० माणसे होड्यांतून हलवली गेली आणि नंतर कित्येक महिने समुद्राचे पाणी पंपांनी लाव्ह्यावर मारून बंदर वाचवले गेले.

लाव्ह्याखाली सापडून माणसे मेली नाहीत. तो सावकाश येतो, त्याच्यापासून पळता येते. माणसे मेली ती हवेने आणि गवताने.

या फटीतून आठ महिन्यांत सुमारे १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड बाहेर पडला, असा हिशेब लाव्ह्यातल्या स्फटिकांत अडकलेल्या काचेच्या थेंबांवरून मांडण्यात आला आहे. त्यातला बराचसा पहिल्या काही आठवड्यांतच. गंधकाच्या या वायूचे हवेतल्या ओलाव्याशी मिळून आम्ल झाले. पाऊस अंगावर झोंबू लागला, पानांना भोके पडू लागली, गवत करपले. निळसर धुके देशभर पसरले आणि हलेना. आइसलँडच्या भाषेत या सगळ्या काळाला जे नाव पडले ते 'मोदुहार्दिन्दिन'. मोदा म्हणजे धुके आणि हार्दिन्दी म्हणजे हालअपेष्टा, ओढगस्त. धुक्याचा दुष्काळ. आपल्याकडे दुष्काळांना संवत्सरांची किंवा सालांची नावे पडतात. नाव पाहिले की लोकांना काय जाणवले होते ते कळते.

गंधकाबरोबर दुसरेही एक विष होते. फ्लोरिन. ते राखेच्या कणांना चिकटून गवतावर बसले. मेंढ्यांच्या बरगड्यांवर, पायांच्या सांध्यांवर गाठी आल्या, खूर गळून पडू लागले, दाढा वेड्यावाकड्या वाढल्या आणि चरणेच अशक्य झाले. या वाढलेल्या दाढांना तिथल्या धनगरांकडे आधीपासून शब्द होता: 'गाद्दुर'. हेक्ला ज्वालामुखीच्या जुन्या उद्रेकांतून तो त्यांना ठाऊक झाला होता. रोग फ्लोरिनचा आहे हे कळायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. काय रोहोल्म या डॅनिश वैद्याने १९३७ मध्ये फ्लोरिनच्या विषबाधेवर जो ग्रंथ लिहिला, त्यात आइसलँडची जनावरे आहेत. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या ज्या गावांत कूपनलिकेच्या पाण्याने मुलांचे दात पिवळे-तपकिरी होतात आणि म्हाताऱ्यांचे सांधे आखडतात, तिथे कारण वेगळ्या वाटेने आलेले आहे. तिथे ते खडकातून पाण्यात उतरते. पण हाडांत बसणारे द्रव्य तेच. योनने माणसांचीही लक्षणे लिहिली आहेत: सुजलेल्या हिरड्या, गळणारे केस, अंगावरच्या गाठी. त्यांतली बरीचशी उपासमारीत होणाऱ्या स्कर्व्हीचीही असू शकतात, म्हणून माणसांच्या बाबतीत सगळे फ्लोरिनच्या खात्यावर टाकणे मला पटत नाही.

जनावरांचा हिशेब मात्र स्पष्ट आहे. देशातल्या मेंढ्यांपैकी सुमारे ऐंशी टक्के मेल्या. गुरे निम्मी गेली. घोडे निम्म्याहून जास्त गेले. घोडा हे तिथले एकमेव वाहन होते. घोडे गेल्यावर किनाऱ्यावरच्या मासेमारीच्या ठिकाणांपर्यंत चालत जाण्याची ताकद उपाशी माणसांत उरली नाही. योनच्या परगण्यात प्रेते वाहायलाही जेमतेम त्याचाच घोडा शिल्लक होता.

१७०३ मध्ये आइसलँडची शिरगणती झाली होती. संपूर्ण देशातल्या प्रत्येक माणसाचे नाव, वय, काम नोंदवणारी ही जगातली बहुधा पहिलीच. तेव्हा लोकसंख्या ५०,३५८ भरली. मध्ये देवीच्या साथीने ती खाली गेली आणि १७८३ पर्यंत पुन्हा पन्नास हजारांच्या आसपास आली होती. तीन वर्षांत ती चाळीस हजारांच्या आत उतरली. देशातला दर पाचवा माणूस.

इथे मला थांबून एक प्रश्न विचारावासा वाटतो. समुद्र तर माशांनी भरलेला होता. उत्तर अटलांटिकमधल्या कॉड माशाच्या सर्वांत समृद्ध क्षेत्रांपैकी एक या देशाच्या दारात आहे. मग दर पाचवा माणूस उपाशी का मेला?

त्याचे उत्तर डोंगरात नाही, कायद्यात आहे. आइसलँड तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात होते. १६०२ पासून तिथला सगळा परदेशी व्यापार डॅनिश मक्तेदारांच्या हाती होता. धान्य काय भावाने यायचे, मासे काय भावाने जायचे, हे कोपनहेगनमध्ये ठरायचे आणि दुसऱ्या कोणाशी सौदा केला तर शिक्षा होती. दुसरी गोष्ट देशातलीच. ज्याच्याकडे जमीन नाही त्याने वर्षभर कोणत्या तरी शेतवाडीवर गडी म्हणून बांधून घेतलेच पाहिजे, असा नियम होता. किनाऱ्यावर स्वतंत्र घर करून फक्त मासेमारीवर जगायला मुभा फारच थोड्यांना मिळे. हे मोठ्या जमीनदारांना हवे होते, कारण गडी किनाऱ्याला गेले तर गवत कोण कापणार? म्हणजे समुद्र असूनही लोकांना गवतालाच बांधून ठेवले होते. त्यात लाकूड नाही, म्हणून होड्या लहान, वल्ह्यांच्या, उघड्या. जंगल तोडणाऱ्या पूर्वजांचा आणि मक्ता विकणाऱ्या राजाचा हिशेब असा एकाच वर्षात चुकता करावा लागला.

मदत आलीच नाही असे नाही. सप्टेंबरमध्ये बातमी कोपनहेगनला पोचली. ऑक्टोबरमध्ये एक जहाज निघाले. त्यावर पाहणीसाठी नेमलेला एक अधिकारी आणि माग्नुस स्तेफेनसन हा विशीतला आइसलँडी कायद्याचा विद्यार्थी होता. वादळाने जहाज नॉर्वेच्या किनाऱ्याला नेले आणि हिवाळा तिथेच काढावा लागला. आइसलँडला ते पोचले तेव्हा एप्रिल १७८४ उजाडला होता. सगळ्यात वाईट हिवाळा मधल्या काळात सरून गेला होता.

त्या वर्षी योनला राज्यपालाच्या ठाण्यावरून मोहोरबंद पेटीत ६०० डॅनिश चांदीचे डालर देण्यात आले. ते परगण्याच्या अंमलदाराकडे नेऊन द्यायचे होते आणि त्यातून लोकांसाठी जनावरे घ्यायची होती. परतीच्या वाटेवर योनला आपल्याच परगण्यातली माणसे भेटली. ज्या भागांत अजून जनावरे शिल्लक होती तिथे ती विकत घ्यायला निघालेली, पण खिशात पैसा नाही. त्याने मोहोर फोडली, त्यातली काही रक्कम वाटली आणि कोणाला किती दिले ते लिहून ठेवले. या गुन्ह्यासाठी त्याला दंड झाला आणि जाहीर माफी मागायला लावण्यात आली. त्याच वर्षी त्याची पत्नी वारली. आयुष्यभर हिशेब लिहिलेल्या माणसाला ही मोहोर फोडण्याची जागा वाचताना पान उलटवत नाही. योनने पैसे खाल्ले असे आरोप करणाऱ्यांचेही म्हणणे नव्हते. त्याने कागदपत्रांचा क्रम मोडला होता, इतकेच.

आइसलँडबाहेर या धुक्याचे काय झाले याच्या नोंदी मुबलक आहेत, कारण तो काळ हवामानाच्या नोंदवह्यांचा होता. जूनच्या उत्तरार्धात ते फ्रान्स, जर्मनी, इटली असे पसरत गेले. इंग्लंडमधल्या सेलबर्न गावचा पाद्री गिल्बर्ट व्हाइट याने भर दुपारचा सूर्य फिकट चंद्रासारखा आणि जमिनीवरचा उजेड गंजलेल्या रंगाचा झाल्याचे वर्णन केले आहे. त्या वर्षीच्या उत्तरार्धात इंग्लंडमधल्या चर्चच्या दफन-नोंदी एकदम वाढतात. अभ्यासकांनी काढलेला जास्तीच्या मृत्यूंचा आकडा वीस हजारांच्या आसपास जातो, पण त्यातले किती धुक्याचे, किती उन्हाळ्यातल्या तापांचे आणि किती पुढच्या कडक हिवाळ्याचे, याबद्दल त्यांच्यात एकमत नाही. जुलै तर पश्चिम युरोपात फार उष्ण गेला. तो धुक्यामुळे की धुके असूनही, हा वाद अजून चालू आहे.

पॅरिसजवळ राहणारा अमेरिकेचा वकील बेंजामिन फ्रँकलिन याने १७८४ मध्ये एक छोटा लेख लिहिला. या धुक्यातून येणारी सूर्यकिरणे इतकी दुबळी झाली होती की बहिर्गोल भिंगाने ती एकवटली तरी तपकिरी कागद पेटत नव्हता, म्हणूनच पुढचा हिवाळा इतका कडक पडला असावा, असा त्याचा तर्क. धुके कुठून आले? कदाचित आइसलँडमधल्या ज्वालामुखीतून. ज्वालामुखी आणि हवामान यांचा संबंध जोडणारा म्हणून त्याचे नाव सगळीकडे घेतले जाते. पण माँपेलियेचा मूर्ग द माँत्रदाँ याने ऑगस्ट १७८३ मध्येच तिथल्या विद्वत्सभेपुढे धुक्याचे मूळ आइसलँडमध्ये असल्याचे मांडले होते. नाव मोठ्याचेच राहते.

आता भारताकडे. विक्रम संवत १८४० म्हणजे इसवी १७८३-८४. त्या सालावरून उत्तर हिंदुस्थानातल्या भयंकर दुष्काळाला 'चाळिसा' नाव पडले. दिल्ली, अवध, राजपुताना, पंजाब ओसाड झाले. मराठ्यांच्या इतिहासात हे पान महादजी शिंद्यांच्या उत्तरेतल्या कारभाराला लागून येते. १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला, इंग्रजांशी युद्ध थांबले आणि महादजींनी पुन्हा उत्तरेत लक्ष घातले. डिसेंबर १७८४ मध्ये शाह आलम बादशहाने पेशव्यांना वकील-इ-मुत्लक नेमले आणि त्यांचे नायब म्हणून कारभार महादजींकडे आला. पद मोठे होते. पण ज्या मुलखाचा वसूल त्यांनी करायचा, त्यात गावे मोडलेली आणि शेते पडीक होती. फौजेचे पगार थकत गेले त्याचे हे एक मोठे कारण आहे. आपल्याकडे महादजींच्या पैशाच्या तंगीवर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण त्या तंगीत पावसाचा वाटा किती याचा विचार कमी झाला आहे.

मग लाकीचा आणि चाळिसाचा संबंध लावायचा का? २००६ मध्ये हवामानशास्त्रज्ञांच्या एका गटाने संगणकी प्रारूपातून दाखवले की लाकीसारख्या उत्तरेकडच्या उद्रेकाने उत्तर गोलार्धातली जमीन उन्हाळ्यात नेहमीइतकी तापत नाही. जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला फरक घटतो आणि आफ्रिका व भारत या दोन्हीकडचा मोसमी पाऊस दुबळा होतो. नाईलचे पाणी १७८३ मध्ये खरोखरच कमी चढले. फ्रेंच प्रवासी व्होल्ने तेव्हा इजिप्तमध्ये होता आणि तिथला दुष्काळ त्याने लिहून ठेवला आहे. हे सगळे वाचले की 'आइसलँडच्या धुराने उत्तर हिंदुस्थान उपाशी मारला' असे वाक्य लेखणीच्या टोकावर येऊन बसते. असे वाक्य अलीकडे छापूनही येऊ लागले आहे.

माझ्या मते ते लिहू नये. फट पडली जून १७८३ मध्ये. मद्रासकडचा दुष्काळ त्याआधीच, हैदर अलीच्या युद्धात होरपळलेल्या मुलखात, सुरू झाला होता. उत्तरेतही पाऊस १७८० नंतर नीट नव्हता आणि त्यामागे प्रशांत महासागरातल्या एल निन्योचा हात असल्याचे मानले जाते. म्हणजे आधीच वाकलेल्या पाठीवर लाकीने आणखी ओझे टाकले असेल, इतके म्हणता येते. तेही थोडेथोडके नाही. पण दिल्लीच्या आसपासचा शेतकरी मेला त्यात वर्षानुवर्षांच्या स्वाऱ्या, मोडलेले कालवे आणि धान्य दडवणारे साठेबाज होते. आइसलँडचा मेंढपाळ मेला त्यात व्यापाराचा मक्ता होता, तसेच. सगळा दोष एका डोंगराला दिला की बाकीचे सुटतात.

लाकीचा आपल्याशी असलेला पक्का संबंध दुसरा आहे आणि तो फार जुना आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडची जमीन अशीच फाटली होती. आज दख्खनचा लाव्हा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर उरला आहे. मुळात त्याचे आकारमान दहा लाख घन किलोमीटरच्या घरात असावे असा एक अंदाज आहे. लाकीचे १५ घन किलोमीटर त्यापुढे किती, हा हिशेब वाचकांनी आपल्या मनाशी करावा. आपल्याकडचे काही प्रवाह पश्चिमेकडून निघून पार राजमहेंद्रीपर्यंत, गोदावरीच्या मुखाजवळ पोचले. धुळे-नंदुरबारकडे शेतांतून सरळ रेषेत मैलोन्मैल गेलेल्या काळ्या दगडी भिंती दिसतात. त्या कोणी बांधलेल्या नाहीत. जमिनीतल्या फटी लाव्ह्याने भरल्या, तो थिजला आणि आजूबाजूचा खडक झिजल्यावर उभा राहिला. म्हणजे लाकीसारख्याच फटी, फक्त आतून पाहिलेल्या. दख्खनच्या उद्रेकांनी हवेत किती गंधक ओतला असेल याचा अंदाज करताना शास्त्रज्ञांनी लाकीचेच माप हाताशी धरले, कारण दुसरे माप उपलब्धच नव्हते. योनच्या तारखा त्या हिशेबात आहेत.

इतर खुणाही जुळतात. क्लाउस्तुर गावाबाहेर 'चर्चची फरशी' नावाची जागा आहे. षटकोनी दगडांची बसवलेली फरशी वाटावी अशी, पण ती लाव्हा थंड होताना तडकून झालेल्या खांबांची माथी आहेत. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांब ज्याने पाहिले आहेत त्याला ते ओळखीचे वाटावेत. आपल्या खाणींत काळ्या दगडाच्या पोकळ्यांत ज्या पांढऱ्या, गुलाबी, हिरवट गारगोट्या सापडतात, म्हणजे झिओलाइट आणि त्यांचे सोबती, तशाच पूर्व आइसलँडमध्ये सापडतात. जॉर्ज वॉकर या ब्रिटिश भूशास्त्रज्ञाने १९५५ पासून तिथल्या डोंगरांत या गारगोट्यांचे पट्टे मोजले आणि त्यावरून वरचे किती थर झिजून गेले हे सांगण्याची रीत बसवली. पुढे त्यानेच दख्खनच्या लाव्हाथरांवरही लिहिले. खडकाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला एकोणिसाव्या शतकात जो निकोल प्रिझम लागे, तो आइसलँडमधल्या हेल्गुस्तादिर खाणीतल्या पारदर्शक कॅल्साइटचा असे. दख्खनच्या दगडाच्या पोटात पहिल्यांदा डोकावले गेले ते आइसलँडच्या काचेतून, असे म्हणायला हरकत नाही.

१७८४ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण आइसलँडला मोठे भूकंप झाले आणि स्काल्होल्त हे सात शतकांचे धर्मपीठ कोसळले. ते रेक्याविकला हलवण्यात आले. १७८६ मध्ये रेक्याविकला शहराचा दर्जा मिळाला आणि १७८७ मध्ये मक्तेदारी उठली, निदान डॅनिश राजाच्या सगळ्या प्रजेपुरता व्यापार खुला झाला. योन १७९१ मध्ये वारला. फटीवरची विवरे जवळून पाहून त्यांचे वर्णन करणारा पहिला माणूस, स्वेन पाउलसन, तिथे पोचला तो १७९४ मध्ये. तोही वैद्यच. हिमनद्या घट्ट बर्फाच्या असूनही वाहतात कशा, यावरचा त्याचा ग्रंथ जवळपास शंभर वर्षे हस्तलिखितातच पडून राहिला.

त्या लाव्ह्यावर आज करड्या-हिरव्या शेवाळाची जाड गादी आहे. दोनशे चाळीस वर्षांत माती अजून धरलेली नाही. १९०७ पासून आइसलँडमध्ये माती वाचवण्याचे सरकारी खाते आहे, या प्रकारच्या जगातल्या सर्वांत जुन्या खात्यांपैकी एक. तरीही जंगल देशाच्या दोन टक्क्यांच्याच आसपास आहे. १९७० मध्ये हेक्ला फुटला तेव्हा राखेतल्या फ्लोरिनने हजारो मेंढ्या व कोकरे पुन्हा मेली. २०१४-१५ मध्ये वात्नायोकुलच्या उत्तरेला होलुह्रोइन इथे सहा महिने फट वाहत होती. लाव्हा ८५ चौरस किलोमीटर पसरला, आणि गंधकाचे प्रमाण वाढले की गावोगावच्या लोकांना खिडक्या बंद करण्याचे निरोप जात. २०१० मध्ये एयाफ्यातलायोकुलच्या राखेने युरोपातली विमाने थांबली, त्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या. तिथल्या शेतकऱ्यांनी त्या आठवड्यात पहिले काम केले ते जनावरे गोठ्यात घेऊन दारे लावण्याचे, आणि राखेचे नमुने फ्लोरिन तपासण्यासाठी प्रयोगशाळेत रवाना झाले.